थडग्यातलं जेवण

आमच्या नानांना जिवंत माणसांपेक्षा मेलेली माणसं जास्त आवडत, आणि मरून दोन हजार वर्षं झाली असली तर फारच. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. काकू गेल्यावर ते आमच्या गारखेड्यातल्या घरी राहायला आले आणि पुढच्या खोलीत खुर्ची टाकून जे बसले ते कायमचेच. आमचे पणजोबा भिक्षुकी करायचे, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून होते आणि नाना तहसिलीतून निवृत्त झालेले. पण बोलायला लागले की वाटावं, सातवाहनांचं राज्य परवापरवापर्यंत यांच्याच सहीनं चालत होतं. आपल्यासारख्याच काही निवृत्त मंडळींना गोळा करून त्यांनी एक इतिहास मंडळ काढलं होतं. दर रविवारी ते आमच्या घरी जमायचं. एकजण बोलायचा, बाकीचे आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसायचे, आणि याला ते चर्चा म्हणायचे. वेरूळ-अजिंठा इतकं जवळ असूनही तिकडं कुणी फिरकत नसे. ते म्हणे शाळेच्या सहलींसाठी. अजिंठ्याच्या पायथ्याला फर्दापूरला उतरून चहा पितो तो पर्यटक, आणि जिचं नाव कुणाला ठाऊक नाही अशा गुहेत जाऊन डोकं आपटून घेतो तो अभ्यासक, अशी नानांची साधी सरळ विभागणी होती.

ती दुष्काळाची वर्षं होती. पाऊस यायचा तो तोंड दाखवून जायचा. आणि नेमकं त्याच वर्षांत आमचं शहर वाढायला लागलं होतं. गारखेड्यात कालपर्यंत ज्वारी उभी होती तिथं खुंट्या ठोकून प्लॉट पडले, चिकलठाण्याच्या कंपन्यांत कामाला लागलेली माणसं ट्रंका घेऊन येऊ लागली, आणि ज्यानं त्यानं घराआधी बोअर घ्यायला सुरुवात केली. दिवसभर ते मशीन खडकात घरघरत राहायचं. पांढरी भुकटी उडून वाळत घातलेल्या पापडांवर बसायची. पाणी मात्र शंभरांत एखाद्याला लागायचं. बाकीचे खड्ड्यात डोकावून घरी जायचे. तेव्हा औरंगाबादच म्हणत. आता शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, क्रांती चौकात पूल आला, पण नळाला पाणी कधी येणार हा प्रश्न मी आईच्या तोंडून ऐकला तसाच माझ्या सुनेच्या तोंडून ऐकते.

टँकर आला की आईला तो कोपऱ्यावर वळायच्या आधीच कळायचा. हातातली पोळी तव्यावर टाकून ती घागर घेऊन पळायची, आणि मी मागून बादली. भांडणं, ढकलाढकली, पायावर पडलेले हंडे, सगळं करून आणलेलं पाणी गाळून, झाकून ठेवलं जायचं. त्यातली पहिली बादली नानांच्या आंघोळीची. संध्याकाळची आंघोळ वेगळी, कारण बाहेरून आल्यावर ती केलीच पाहिजे, असं शास्त्र होतं. शास्त्रात पाणी कुणी आणायचं हे लिहिलेलं नव्हतं. आई धुणं धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसायची, फरशी पुसलेलं पाणी कढीपत्त्याला घालायची. वडील हे सगळं बघायचे आणि वर्तमानपत्राचं पान उलटायचे. ते वाईट नव्हते. फक्त थोरल्या भावासमोर त्यांचा आवाज घशातच राहायचा. आई तर नानांशी थेट बोलतच नसे. तशी पद्धतच होती. नाना चार हातांवर बसलेले असले तरी ती मला सांगायची, "कुंदा, नानांना विचार, चहा टाकू का." आणि नाना मला सांगायचे, "म्हणावं, टाक."

मी बारावी झाले त्या उन्हाळ्यात मंडळानं कोकणात जायचं ठरवलं. समुद्राकाठी एका जुन्या बंदराचे अवशेष होते आणि मागच्या टेकडीत जांभ्या खडकात कोरलेल्या गुहा होत्या. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या गावाला आमच्या मंडळाची एक भेट पुरे झाली. नानांनी त्या गुहांवर आधीच एक व्याख्यान तयार केलं होतं, न बघताच. त्यांच्या मते तिथं ऋषी तप करत. मंडळाच्या बायकाही बरोबर येणार होत्या, म्हणजे जेवणाची सोय झाली. मला वाटलं, समुद्र बघायला मिळेल. मी खुशीत होते, ते निघायच्या आदल्या दिवसापर्यंत.

आई स्वयंपाकघरात दशम्या करत होती. दशमी म्हणजे दुधात भिजवलेल्या कणकेची. पाण्याचा स्पर्श नसला की ती प्रवासात सोवळ्याची राहते, म्हणून नानांना वाटेत दुसरं काही चालत नसे. पाणी नव्हतं तेव्हा दूध मात्र पाहिजे होतं. मी लाटून देत होते. आई मान खाली घालूनच म्हणाली, "मंडळातल्या पाठकांकडचे पण येणार आहेत. त्यांचा श्रीकांत येणार आहे."

"कशाला?"

"तुला बघायला. नानांनी बोलणं केलंय. तिथं सहज बघितल्यासारखं होईल म्हणाले."

"आणि कॉलेज?"

"ते पाठकबाईंच्या मनावर आहे म्हणे."

मी बाबांना विचारायला बाहेर गेले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाले, "बघायला काय हरकत आहे?" हे ते माझ्याकडं न बघता म्हणाले. मला गुहेत नेऊन दाखवणार होते. वेरूळची लेणी आमच्याच दाराशी असताना मला दाखवायला यांना समुद्रापर्यंत जायचं होतं.

मिनीबस भाड्यानं घेतली होती आणि रात्रीच निघालो. चालवणारे रशीदभाई आमच्या शहरातलेच, बोलायला मोकळे. पुढं पुरुष, मागं बायका, आणि सगळ्यांत मागं पातेली. पाठकबाईंनी मला आपल्याशेजारी बसवून घेतलं आणि घाट उतरेपर्यंत माझी तपासणी केली. पुरण वाटता येतं का, चष्मा लागलाय का, सोवळ्यात स्वयंपाक होतो का. श्रीकांत पुढं बसला होता. चिकलठाण्याला एका कंपनीत सुपरवायझर, केस चापून बसवलेले, गळ्यात कॅमेरा. तो दोनदा मागं वळला आणि दोन्ही वेळा त्यानं आईकडं बघितलं, म्हणजे त्याच्या आईकडं.

समुद्र मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. बंदराचे अवशेष अगदी काठावर होते: जांभ्याची पडकी भिंत, पाण्यात उतरणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्या, एका देवळाचा उरलेला चौथरा. नाना चौथऱ्यावर चढले आणि समुद्राकडं पाठ करून बोलायला लागले. इथं यवनांची गलबतं लागत, इथून आपलं कापड जाई, आमच्या पैठणचा माल याच पायऱ्यांवरून उतरे. मागं लाटा फुटत होत्या आणि मंडळातला एकही माणूस तिकडं बघत नव्हता, सगळे नानांच्या तोंडाकडं. त्यांना ते ऐकायचं होतं असंही नाही. फक्त नाना थांबले की आपण काय भर घालायची हे प्रत्येकजण मनात जुळवत होता. आई मात्र भिंतीच्या खिंडारातून पलीकडं गेली. मी तिच्या मागं गेले. ती पायऱ्यांवर बसून ओंजळीत पाणी घेऊन बघत होती. तिनं ते जिभेला लावलं आणि थुंकली.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि खारट." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाजारात चांगली दिसणारी भाजी किडकी निघावी, तसं काहीसं.

टेकडी चढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. गुहा छोट्या होत्या. चौकोनी, वाकून जावं लागेल असं दार, आत गोल खोली, वर घुमटासारखं छत, आणि भिंतीला लागून खडकातच सोडलेला लांब ओटा. एक जरा मोठी होती, तिच्यात सगळे मावले. आत गार होतं. नानांनी ओट्यावर हात फिरवून सांगितलं की हे तपस्व्याचं आसन. दोन हजार वर्षांपूर्वी इथं बसून ऋषी ध्यान करत, दार ठेंगणं अशासाठी की आत येणाऱ्याचा अहंकार वाकावा. हे सांगताना त्यांचं स्वतःचं कपाळ दाराला आपटून लाल झालेलं होतं. पाठक म्हणाले, स्पंदनं जाणवतात. दुसरे एक गृहस्थ डोळे मिटून बसले आणि थोड्या वेळानं घोरायला लागले. मग जेवायची वेळ झाली. बायकांनी त्याच ओट्यावर फडकं अंथरलं आणि दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लोणचं असं मांडलं. पाठकबाई म्हणाल्या, अशा पवित्र जागी जेवायला भाग्य लागतं. श्रीकांतनं सगळ्यांचा फोटो काढला. मग मला ओट्याच्या टोकाला बसायला सांगून माझा एकटीचा काढला. तेवढाच काय तो आमचा संवाद: "जरा इकडं बघा."

जेवणं झाल्यावर पत्रावळी टाकायला मी बाहेर गेले. वाटेच्या कडेला करवंदीच्या जाळीत एक गंजलेला फलक होता. चढताना कुणी बघितला नव्हता, कारण नाना सांगत असताना वाचायची काय गरज. मी फांद्या बाजूला केल्या आणि वाचला. परत आत जाऊन अगदी शांतपणे सांगितलं. आजही मला ते सांगताना आनंद होतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही.

"नाना, बाहेर पाटी आहे. या दफनगुहा आहेत म्हणे. या ओट्यावर मेलेली माणसं ठेवायचे."

सगळ्यांनी खाली बघितलं. ओट्यावर लोणच्याचं तेल सांडलेलं होतं. पाठकबाई उठल्या त्या डोकं छताला आपटूनच. मग जी धांदल उडाली ती सांगता येत नाही. ठेंगण्या दारातून सगळे एकदम बाहेर पडायला बघत होते आणि कुणाचाही अहंकार वाकायला तयार नव्हता. बाहेर येऊन नानांनी पाटी वाचली, मग परत वाचली, आणि म्हणाले, "हे सरकारी मत आहे." पण आवाजात जोर नव्हता. स्मशानात जेवलो, असं कुणीतरी म्हणालं. झाडाखाली बसलेल्या रशीदभाईंना हसू आवरेना. "क्या हुआ साब, हमारे खुल्दाबाद में तो लोगां कबरों के बाजू में रोटी खातेच हैं. कुछ नहीं होता." त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. पाठकबाईंनी निकाल दिला: आंघोळ केल्याशिवाय मी बसला शिवणार नाही.

टेकडीच्या पायथ्याशी चारसहा घरं होती. पहिल्याच घराच्या मागं विहीर, आणि विहिरीवर एक बाई पाणी काढत होती, माझ्या आईच्याच वयाची. नानांनी तिला सांगितलं की आम्ही लांबून आलो आहोत, आम्हाला आंघोळीला पाणी पाहिजे. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. माणसं मोजावीत तसं आमच्याकडं बघितलं.

"प्यायला देते ना. बसा सावलीत," ती म्हणाली. "आंघोळीला नाय पुरायचं हो. तळाला गेलंय. पाऊस येईस्तोवर सगळ्या वाडीला हीच विहीर."

"कोकणात पाणी नाही?" पाठक हसले. "एवढा पाऊस पडतो तुमच्याकडं."

"पडतो तो दर्यात जातो," ती म्हणाली.

"हे बघा," नाना म्हणाले, "आम्ही काही रोज येणार नाही. दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणू नये. आम्हाला अडचण आली आहे, धर्माची गोष्ट आहे." हे त्यांनी तहसिलीतल्या आवाजात म्हटलं. ती जराशी बाजूला झाली आणि दोर काठावर ठेवला. नानांनी माझ्याकडं वळून नेहमीसारखं सांगितलं, "कुंदा, तुझ्या आईला म्हणावं, पाणी काढ. आधी पाठकबाईंना दे."

आई पुढं गेली. मी तिच्या शेजारीच होते. तिनं पोहरा सोडला. तो खाली जात राहिला, जात राहिला, आणि मग पाण्यात बुडाल्याचा आवाज न येता दगडावर घासल्याचा आवाज आला. तो आवाज आईच्या ओळखीचा होता. रिकाम्या टाकीत तांब्या खरवडल्यावर तोच येतो. तिनं पोहरा वर ओढला. तळाशी थोडं गढूळ पाणी होतं. तिनं ते त्या बाईच्या कळशीत ओतलं, दोर तिच्या हातात दिला आणि वळली.

"मी काढणार नाही," ती म्हणाली. "आणि दुसरं पण कुणी काढायचं नाही."

ती माझ्याकडं बघत नव्हती. नानांकडं बघत होती. सोळा-सतरा वर्षांत मी तिला त्यांच्या डोळ्यांना डोळा देताना पाहिलं नव्हतं. नानांनाही क्षणभर कळलं नाही. त्यांनी मागं वळून बघितलं, आपल्यामागं कुणी आहे का म्हणून.

"कुणाशी बोलायलीस?" ते म्हणाले.

"तुमच्याशीच. मेलेल्यांना दोन हजार वर्षं झाली म्हणता ना. त्यांचं सुतक कधीच फिटलं. ही माणसं जिवंत आहेत. यांना उद्या प्यायचंय."

"तुला शास्त्र कळतं का?"

"मला पाणी कळतं. तुमची बादली कुठून येती ते तुम्ही एक दिवस तरी बघितलं का?" तिचा आवाज चढला नव्हता; टँकरवर ती याहून मोठ्यानं बोलायची. "आंघोळच करायची तर समुद्र आहे समोर. पाहिजे तेवढं पाणी आहे. जा."

मी बाबांकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते. श्रीकांतकडं बघितलं, कारण त्या क्षणी तो एक शब्द जरी धड बोलला असता तरी कदाचित माझं मत बदललं असतं. तो कॅमेऱ्याचं झाकण लावत होता. पुढं बऱ्याच वर्षांनी एका लग्नात तो भेटला, टक्कल पडलेला, आणि म्हणाला, "तुमच्या आईंचं त्या दिवशी बरोबर होतं हो." मी म्हटलं, हे तुम्ही त्यांना तिथंच सांगायचं होतं. तो म्हणाला, आई होती ना बरोबर. मी त्याला जिलेबी वाढली.

पाठकबाई पुढं आल्या. "आमच्या घरात बायका असं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मग आधीच कळलं ते बरं झालं," आई म्हणाली, आणि त्या बाईची भरलेली कळशी उचलून तिच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

शेवटी इतिहास मंडळ समुद्रात उतरलं. धोतरं वर खोचून, एकमेकांचे हात धरून, जानवी सांभाळत. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते मंत्र म्हणत होते आणि दर लाटेला मंत्र मोडत होता. नाना एकदा पूर्ण बुडाले आणि शिंपल्यांनी पाय कापून वर आले. बायका लुगड्यांसकट किनाऱ्यालगत बसून घेत होत्या. एवढी वर्षं यांच्या तोंडून मी बंदरं, गलबतं, दर्यावर्दी ऐकत आले होते. समुद्राशी प्रत्यक्ष गाठ पडली ती अशी. बाबा काठापर्यंत गेले, पावलं भिजेपर्यंत थांबले आणि बाकी कोरडेच परत आले. आई त्या बाईच्या ओट्यावर बसून कैरीची फोड मीठ लावून खात होती आणि दोघींचं काहीतरी चाललं होतं, पोरं, शाळा, पावसाचं.

आठवड्याच्या आत पाठकांचा नकार आला. मुलगी ठीक आहे, आई उद्धट आहे. नानांनी तो आम्हाला शोकसभेत बोलतात तसा वाचून दाखवला. आई पोळी उलटत म्हणाली, "कुंदा, वाईट वाटलं का गं?" मी नाही म्हटलं. "मला पण नाही," ती म्हणाली. जूनमध्ये मी कॉलेजात जायला लागले. नानांनी रविवारी मंडळापुढं त्या गुहांवर व्याख्यान दिलंच, आणि त्यात त्या तपोगुहाच राहिल्या. पाटीचा उल्लेख झाला नाही, आणि ऐकणारे सगळे त्या दुपारी तिथं जेवलेले असूनही कुणी केला नाही. टाळ्या झाल्या. आई त्यानंतर नानांशी थेट बोलू लागली, तेही मोजकंच: "चहा झाला आहे," "टँकर आलाय, उठा." ते उठायला लागले, हे मात्र सांगायला पाहिजे. कुरकुरत, पण उठायचे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी परतताना बसमध्ये आमच्याशी कुणी बोलत नव्हतं. आम्हा दोघींना सगळ्यांत मागं, पातेल्यांजवळ जागा मिळाली. समुद्राचं मीठ अंगावर वाळलं होतं, वरून धुवायला गोडं पाणी नव्हतं, आणि सगळं मंडळ मांड्या, पाठी, माना खाजवत होतं. घाट चढताना तर बसमध्ये दुसरा आवाज नव्हता. रशीदभाई आरशातून बघत गालातल्या गालात हसत होते. आईनं तिची पिशवी आमच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली होती आणि ती खिडकीतून बाहेर बघत होती.

घाट संपला तेव्हा बाबा पुढून उठले. नानांनी त्यांचा सदरा धरला, काहीतरी म्हणाले. बाबांनी तो सोडवून घेतला आणि सीटच्या पाठींना धरत, धक्के खात मागं आले. त्यांच्या पायांना अजून समुद्राची वाळू लागलेली होती. आमच्यापाशी येऊन ते थांबले. पिशवीकडं बघितलं, आईकडं बघितलं. घसा साफ केला.

"बसू का इथं?" त्यांनी विचारलं.

आईनं मान वळवली नाही. "आता आलात होय," ती म्हणाली, आणि पिशवीवरचा हात तसाच ठेवला.

पुण्यापर्यंत ते उभेच होते.